लिंक्स शोधायला मुंबईत चार दिवस (मुंबईत लिंक्स नाही हे माहीत असून)

दिवस पहिला, शुक्रवार

महालक्ष्मीने सकाळी दादरला उतरलो, ताईच्या घरी पोचलो, अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती आणि चिऊ दारातच उभी, "मामा, लिंक्सला मराठीत काय म्हणतात?" चहा नाही पाणी नाही. मी सांगलीत एका वाचनालयात नोकरीला आहे, त्यामुळे आमच्या खानदानातले असले सगळे प्रश्न माझ्याच गळ्यात पडतात, जसे पोटदुखीचे सगळे फोन डॉक्टर चुलतभावाला जातात.

प्रकरण असं की चिऊला (सहावी) ख्रिसमसच्या सुट्टीत प्रोजेक्ट दिलाय. चिठ्ठीत जे अक्षर येईल त्या अक्षराचा प्राणी घ्यायचा, त्याच्या नावाचा अर्थ शोधायचा आणि चार्ट करायचा. 'ल' तिघींना आला. एकीने लांडगा पळवला, दुसरीने लंगूर, हिच्या वाट्याला काहीच उरलं नाही म्हणून हिने मोबाईलवर शोधून लिंक्स काढला. फोटो मात्र जबरी आहे हां. तोंड मांजराचं, गालांना आजोबांसारखे कल्ले, कानांच्या टोकाला काळ्या केसांचे झुपके, शेपूट कुणीतरी कात्रीने छाटल्यासारखं आखूड, आणि पंजे हेऽऽ एवढे, बर्फात पाय रुतू नये म्हणून.

दाजी पोहे खाता खाता म्हणाले, "कसल्या लिंक्स? व्हॉट्सअ‍ॅपवर टाक की." कुणी हसलं नाही. मग त्यांना एकदम आठवलं, ते सर्व्हरच्या कामात आहेत ना, म्हणाले अरे लिंक्स नावाचा ब्राउझर पण आहे, नुसता मजकूर दाखवतो, फोटो-बिटो काही नाही, कॅन्सस युनिव्हर्सिटीत १९९२ साली तयार झालेला आणि अजून चालतो. नाव ठेवताना त्यांनी पण हाच खेळ केला होता, लिंक आणि लिंक्सचा. म्हणजे दाजींचा पांचट जोक आणि कॅन्ससवाल्यांचा जोक एकच, फक्त त्यांचा तीस वर्षं टिकला.

आंघोळीला गेलो तर साबणाशेजारी डिओचा काळा डबा, आणि त्यावर नाव काय, लिंक्स! दाजींचा भाऊ लंडनला असतो, तो आणतो. आपल्याकडे अ‍ॅक्स म्हणून मिळतो तोच हा, पण ब्रिटनमध्ये अ‍ॅक्स हे नाव आधीच दुसऱ्या कुणीतरी नोंदवून ठेवलेलं, म्हणून तिथे त्याचा लिंक्स झाला. मी आतूनच ओरडलो, बाहेरून चिऊ, "मामा, लिहून घेऊ का?" लिहून घे म्हटलं, काहीतरी तरी मिळालं.

दुपारी फोर्टात. म्युझियममध्ये (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पण आमच्या ताईच्या तोंडी अजून प्रिन्स ऑफ वेल्सच) प्राण्यांच्या दालनात दोन चकरा मारल्या, लिंक्स काही आम्हाला सापडला नाही. चिऊचं म्हणणं, भारतात नसेलच. आहे ना बाई, लडाखमध्ये आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि लडाखी लोक त्याला म्हणतात 'ई'. बस, एकच अक्षर, मूळ तिबेटी शब्द.

"ई!" चिऊ ओरडली, "हे काय नाव आहे, झुरळ बघितल्यासारखं!" शेजारच्या काकू वळून बघायला लागल्या.

आणि मराठीत? मराठीत सरळ लिंक्सच म्हणतात. आता कोकणातल्या नाहीतर सातारच्या माणसाने कधी न बघितलेल्या बर्फातल्या मांजराला नाव ठेवायचं तरी कशाला. वाघ, बिबट्या, तरस, रानमांजर, ज्यांनी आपली कोंबडी नाहीतर बकरी नेली त्या सगळ्यांची नावं आपल्याकडे आहेत. लिंक्सने आपलं कधी काही नेलं नाही.

मग टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. मुंबईत आलो आणि त्या तीस पायऱ्या चढलो नाही असं माझं होत नाही, वाचनालयातल्या माणसाची पंढरीच ती. आत एशियाटिक सोसायटीकडे इटालियन कवी दांतेच्या काव्याची जुनी हस्तलिखित प्रत आहे, एल्फिन्स्टनने दिलेली. ती काही आपल्यासारख्यांना चाळायला मिळत नाही, पण बाहेर बसून तिच्यावर गप्पा मारायला कोण अडवतंय. तर त्या काव्यात पहिल्याच सर्गात दांते रानात चुकतो आणि त्याच्या वाटेत तीन जनावरं येतात. सिंह, लांडगीण, आणि सगळ्यात आधी 'लोन्झा', अंगावर ठिपके असलेलं चपळ जनावर. हे लोन्झा नक्की कुठलं जनावर यावर पंडित अजून भांडतायत, पण तो शब्द लॅटिनमधून आलाय तो लिंक्सपासूनच.

आणि खरी गंमत पुढे आहे. तोच शब्द फ्रान्समध्ये 'लोंस' झाला. फ्रेंचमध्ये नामाच्या आधी 'ल' लावतात, लोकांना वाटलं ह्यातला ल पण तसलाच वरून लावलेला असणार, टाकला काढून, उरलं 'ओंस'. आपल्या नारिंगाचा 'न' युरोपात पोचेपर्यंत गळाला आणि ऑरेंज झालं, अगदी तसंच. इंग्रजांनी ते 'औन्स' म्हणून उचललं, आधी लिंक्सला आणि असल्याच मांजरांना, मग हिमालयातल्या हिमबिबट्याला. त्याचं शास्त्रीय नाव आज पँथेरा अन्सिया आहे ते ह्याच्यावरून! म्हणजे लडाखच्या एकाच डोंगरात दोन मांजरं फिरतायत, एकाच्या नावाला लिंक्सचं डोकं आहे आणि दुसऱ्याच्या नावाला डोकं उडालेला लिंक्स. मला हे कळलं तेव्हा मी पायरीवरून उठून उभाच राहिलो, चिऊला मात्र तोवर भूक लागली होती.

दिवस दुसरा, शनिवार

राणीची बाग. मला माहीत होतं तिथे लिंक्स नाही, चिऊला पण माहीत होतं, पण पेंग्विन बघायचे होते आणि त्यासाठी प्रोजेक्टचं नाव पुढे केलं. पेंग्विनची लाईन भलीमोठी, गर्दी तर विचारूच नका, ते सोडून देतो.

वाघाच्या इथे मात्र बराच वेळ थांबलो. काचेपलीकडे वाघ झोपलेला, आणि हवेत तो वास, मांजर पाळलंय त्यांना माहीत असतो, तोच पण शंभरपट. चिऊने नाक धरलं. मग तिला सांगितलं की जुने ग्रीक लोक ह्या वासाची किंमत मोजायचे. थिओफ्रास्टस म्हणून होता, अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य, त्याने दगडांवर पुस्तक लिहिलंय, त्यात लिहून ठेवलंय की लिंक्सची शू सुकून घट्ट झाली की तिचा रत्नासारखा खडा होतो, रानातल्या लिंक्सचा चांगला, पाळलेल्याचा हलका, नराचा वेगळा मादीचा वेगळा. ग्रेडिंगच केलंय हो, हापूससारखं! लिंक्स ती मातीत पुरून ठेवतो म्हणून हे खडे शोधायला जाणकारच लागतो म्हणे. मांजरं शी-शू मातीने झाकतात ते आपण रोज बघतो, पण त्यावरून एवढी मोठी गोष्ट रचायची म्हणजे कमालच. तो खडा बहुतेक अंबर असावा, झाडाची राळ लाखो वर्षांनी घट्ट होऊन बनते ना ते, कारण घासलं की काड्या ओढतो असंही त्याने लिहिलंय. पुढे प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने हे सगळं खोटं म्हणून उडवून लावलं तरी गोष्ट मध्ययुगापर्यंत टिकलीच.

चिऊ एवढी हसली की शेजारच्या कुटुंबाने विचारलं काय झालं, मग त्यांनाही सांगितलं, मग त्यांची दोन पोरं. चार्टवर 'शूचा खडा' लिहायचा का नाही यावर दुपारभर चर्चा.

फिरता फिरता एक गोष्ट डोक्यात आली. मांजरांची नावं लोकांनी ठेवली कशावरून बघा. चित्ता, संस्कृत चित्रकवरून, म्हणजे ठिपक्यांवरून, म्हणजे कातडीवरून. कॅराकल, कच्छ-राजस्थानात थोडेसे उरलेत, ते नाव तुर्की 'काराकुलाक'वरून, म्हणजे काळा कान, फारसीत पण स्याहगोश म्हणजे तेच. कॅराकलच्या कानांनाही झुपके असतात म्हणून त्याला उगाच वाळवंटी लिंक्स म्हणतात, पण तो लिंक्सच्या घरातला नाही. खरे लिंक्स चारच: आपल्या लडाखपासून युरोपपर्यंत पसरलेला मोठा, कॅनडाचा, अमेरिकेतला बॉबकॅट, आणि स्पेन-पोर्तुगालमधला. हा शेवटचा २००२ मध्ये शंभराच्या आत आला होता, आता दोन हजारांच्या वर गेलाय. तर एकाचं नाव कातडीवरून, एकाचं कानावरून. मग लिंक्सचं?

ते रात्री जेवताना कळलं, आणि तेही ताईकडून. ताई शाळेत संस्कृत शिकवते. मी म्हटलं, ग्रीक लिंक्स शब्दाचं मूळ म्हणे 'ल्युक्' असं काहीतरी, अर्थ उजेड, चमकणं. ताईने आमटीचा डाव तसाच हवेत धरला आणि म्हणाली, "रुच्."

"काय रुच्?"

"रुच दीप्तावभिप्रीतौ च. रुच् धातूचे दोन अर्थ, चमकणं आणि आवडणं. र आणि ल आपल्याकडे बदलतात, रलयोरभेदः. तुझ्या त्या ल्युक् का काय त्याचाच भाऊ हा."

दाजी म्हणाले, म्हणजे आमटी रुचली म्हणजे आमटी चमकली का? ताई म्हणाली हो, तसंच समजा, आणि पानात वाढली. मग ती थांबेचना. रुची, रुचकर, अरुची, सुरुची. लोचन म्हणजे डोळा, ते त्याच घरातलं. आलोक म्हणजे उजेड, अवलोकन, विलोकन, आणि आपला साधा 'लोक' सुद्धा, आधी मोकळी उजेडाची जागा, मग जग, मग माणसं. तिकडे लॅटिनमध्ये त्याच मुळाचं लुक्स म्हणजे प्रकाश, जर्मनमध्ये तर लिंक्सलाच लुक्स म्हणतात. लिंक्स म्हणजे चमकत्या डोळ्यांचा.

चिऊने वहीत 'लिंक्स = लोचन, चुलत' असं लिहिलं. मी दुरुस्त करायला गेलो, मग राहू दिलं. नात्याने बरोबरच आहे की.

दिवस तिसरा, रविवार

सकाळची बोरिवली लोकल, रविवार म्हणून बसायला जागा. नॅशनल पार्कात शिरलो, आत कान्हेरीला जाणारी बस पकडली. खरं कारण वाघाटी. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी एक, दीड किलोच्या आसपास, घरच्या मनीहून लहान, आणि मुंबईच्या पोटातल्या ह्या जंगलात ती राहते. दिसायची आशा शून्य, निशाचर ती, आणि आम्ही दुपारी बारा वाजता वेफर्सचं पाकीट फोडत चाललेलो. पण मला चिऊला हे दाखवायचं होतं की जे मांजर इथलं आहे त्याला मराठी नाव आहे, आणि नाव पण कसलं चपखल, वाघ असून वाघ नाही असं.

वाघाटी अर्थातच दिसली नाही. माकडं दिसली, त्यांनी वेफर्स नेले.

मग कान्हेरी. खूप वर्षांनी आलो. पहिल्या गुहांपाशी सगळी गर्दी, फोटो, रील. आम्ही वर वर चढत गेलो, खडकात कोरलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी, ऊन डिसेंबरचं असून बऱ्यापैकी. ताई पुढे, कारण तिला ४१ नंबरची गुहा बघायची होती, कॉलेजमध्ये असताना बघितली होती म्हणे. तिथे भिंतीवर अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे.

मूर्ती मोठी नाही. उभी आहे, चार हात, आणि मुख्य डोक्यावर छोटी छोटी डोकी उतरंडीसारखी एकावर एक रचलेली. दगड झिजलाय, काही चेहऱ्यांचं नाक-डोळं नीट लागत नाही, पण डोकी मोजता येतात. चिऊने बोट हवेत नाचवत मोजली, अकरा.

"म्हणजे बावीस डोळे," ती म्हणाली.

ताई म्हणाली, "आता नाव फोड."

"अवलोकित... ईश्वर. अव-लोक..." आणि पोरगी एकदम थांबली. "लोक! कालचा लोक! म्हणजे हा पण लिंक्स?"

मला काय बोलावं सुचेना. लोकृ दर्शने, बघणे. वरून खाली सगळ्यांकडे बघणारा तो अवलोकितेश्वर. आणि तिकडे ग्रीकांचा एक वीर होता लिंकेयस, आर्गो नावाच्या जहाजावरचा, त्याची नजर एवढी तीक्ष्ण की जमिनीखालचं पण दिसायचं, त्याचं नाव लिंक्सवरूनच. एकाच मुळातून तिकडे त्यांनी जमिनीखालचं बघणारा वीर काढला आणि इकडे आपल्या लोकांनी बोरिवलीच्या डोंगरात बावीस डोळ्यांचा हा कोरून ठेवला. मी दोन दिवस लिंक्सचं मराठी नाव शोधत बसलोय आणि इथे ते दगडात. तेवढ्यात एक कुटुंब आलं, त्यांनी आम्हाला बाजूला व्हायला सांगून मूर्तीसमोर सेल्फी काढला आणि गेले. डोकी मोजली नाहीत.

रात्री गच्ची. किल्ली सेक्रेटरी काकांकडे असते, ती मिळवायला दाजींना अर्धा तास सोसायटीच्या पाण्याच्या मोटरवर भाषण ऐकावं लागलं. अकराला वर गेलो. आकाशात लिंक्स नावाचा तारकासमूह आहे, तो चिऊला दाखवायचा म्हणून. मुंबईचं आकाश म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, तांबूस फडकं टाकल्यासारखं. ब्रह्महृदय तारा डोक्याच्या जरा उत्तरेला झकास, पूर्वेला पुनर्वसूचे दोन तारे, आणि ईशान्येला टॉवरच्या मागून सप्तर्षींचं पुढचं टोक नुकतंच वर आलेलं. म्हटलं आता ह्या तिघांच्या मधे बघ.

"मधे काहीच नाहीये मामा."

बरोबर. तेच लिंक्स. हेवेलियस नावाचा पोलंडमधला ज्योतिषी (भविष्यवाला नव्हे, तारे मोजणारा), त्याने तिथल्या मंद ताऱ्यांना हे नाव दिलं, नकाशा तो गेल्यावर १६९० मध्ये छापला गेला. नाव लिंक्स का, तर तिथलं काही दिसायला डोळे लिंक्सचे पाहिजेत म्हणून. दुर्बिणी येऊन वर्षं झाली होती तरी हा बाबा ताऱ्यांच्या जागा नुसत्या डोळ्यांनी मोजायचा, आणि इतक्या अचूक की १६७९ मध्ये लंडनहून हॅली, तोच धूमकेतूवाला, खात्री करायला त्याच्याकडे गेला होता. दुर्बिणीवाल्यांनाही लिंक्स सुटला नव्हता बरं का. रोममध्ये १६०३ साली अठरा वर्षांच्या एका पोराने, फेडेरिको चेझी त्याचं नाव, शास्त्राची सभा काढली तिचं नाव 'लिंचेई', लिंक्सच्या नजरेवाल्यांची. १६११ मध्ये गॅलिलिओ तिचा सभासद झाला आणि पुढे स्वतःच्या नावापुढे लिंचेओ लावायचा, आपल्याकडे डिग्री लावतात तसं. टेलिस्कोप हे नावसुद्धा ह्याच मंडळींतून बाहेर पडलं.

हे सगळं मी रंगात येऊन सांगत होतो आणि दाजी पाण्याच्या टाकीला टेकून पेंगत होते. तेवढ्यात टाकीच्या मागे काहीतरी हललं. चिऊने मोबाईलचा टॉर्च मारला. दोन हिरवे दिवे. बाकी मांजर दिसतच नव्हतं, नुसते दोन हिरवट गोल हवेत टांगलेले, टॉर्च जरा हलवला की विझायचे, परत पेटायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दूध घालतात ती बोकोबांची स्वारी. मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा एक पडदा असतो, आलेला उजेड परत फेकतो म्हणून अंधारात त्याला जास्त दिसतं आणि आपल्याला ते दिवे दिसतात. त्या पडद्याचं नाव टॅपेटम ल्युसिडम, आणि त्यातलं ल्युसिडम पण परत तेच, लुक्स, रुच्, सगळं तेच. कुठल्यातरी माणसाने हजारो वर्षांपूर्वी रानात जाळ धरून बघितलं असेल, समोर दोन दिवे पेटले असतील, आणि त्याने नाव ठेवलं असेल, चमकणारा.

"मामा, लुकलुक!" चिऊ म्हणाली. "लुक लुक! हा पण त्यातलाच!"

खाली जाऊन ताईला विचारलं. ताईने एका सेकंदात आऊट दिला, लुकलुक हा अभ्यस्त शब्द आहे, टकटक चकचक सारखा, त्याला ह्या खानदानात घुसवू नका. चिऊ रुसून झोपली. खरं सांगू का, मी चिऊच्या बाजूने होतो.

दिवस चौथा, सोमवार

दिवसभर चार्ट. फेविकॉल, स्केचपेन, जमिनीवर पेपर, मी नुसता 'हे इथे चिकटव' म्हणायला. संध्याकाळी निघायच्या आधी आंघोळीला गेलो तर साबणावर कागद नव्हता. नवी कोरी वडी उघडीबोडकी पडलेली. मला काही उलगडा होईना. बाहेर आलो तर चार्टवर मधोमध लक्सचं वेष्टण! पोरीने ताईचं लुक्स बरोबर पकडलं होतं, लक्स साबणाचं नाव लॅटिन प्रकाशावरून, चार दिवस मी त्याच साबणाने आंघोळ करत होतो, त्याच्या शेजारी लिंक्सचा डबा, दोघं सख्खे चुलत, आणि मी टाऊन हॉल आणि कान्हेरी पालथी घालतोय. शिवाय दोन्ही एकाच कंपनीचे. दाजींनी त्यात भर घातली की १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत आपली लीला चिटणीस होती, पहिली भारतीय नटी, ते पण लिही. चिऊने विचारलं लीला चिटणीस कोण, मग ताईने अर्धा तास घेतला.

लुकलुक चार्टवर आहे. कोपऱ्यात, पेन्सिलने, बारीक अक्षरात, म्हणजे आईला दिसू नये म्हणून.

रात्री दादरहून गाडी पकडली. कल्याण गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर चार्टचा फोटो आला. वर मोठ्या अक्षरात 'लिंक्स (ई!)', खाली अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर, त्याचे बावीस डोळे हिरव्या स्केचपेनने रंगवलेले, शूचा खडा चकाकी लावून, लक्सचं वेष्टण, आणि उजव्या बाजूला डिओचा डबा सुतळीने बांधलेला. चार्ट त्या बाजूला कलला होता. खाली दाजींचा मेसेज, "डबा अर्धा भरलेला आहे, परत कधी मिळेल विचार तिला."